तालुका कोर्टातून विधानसभेत जाताना

प्रश्न विचारणारे वकील तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी आणि थोडी फौजदारी वकिली करतात. वय चाळिशीच्या आसपास, काम बरं चाललेलं, हाताखाली दोन ज्युनिअर. पक्षाने विधानसभेच्या उमेदवारीबद्दल विचारलं आहे. आमदार झाल्यावर वकिली करता येते का, वकिलीचा सभागृहात काही उपयोग होतो का आणि रोजचं आयुष्य कसं बदलतं, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. मी तालुका कोर्टात वकिली करत असतानाच विधानसभेत गेलो आणि नंतर त्याच बाररूममध्ये परत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वकिली करता येते. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याने वकिली करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. आमदार-खासदारही त्यात येतात, असं म्हणत एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. तिचा निकाल २५ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. लोकप्रतिनिधीला वेतन मिळत असलं तरी तो कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, त्यामुळे हा नियम त्याला लागू होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मंत्री झालात तर काळा कोट कपाटात ठेवावा लागतो. आमदारकीपुरती वकिलीची सनद, म्हणजे परवाना, शाबूत राहते.

कायद्याचं उत्तर एवढंच. माझा सल्ला मात्र असा की निवडून आल्या दिवसापासून स्वतःच्या मतदारसंघातल्या कोणत्याही कोर्टात उभं राहू नका. तिथले न्यायाधीश तुमच्या दबावाखाली येतील असं मला म्हणायचं नाही. आमच्या कोर्टात मी पाहिलेले बहुतेक न्यायाधीश आमदाराच्या ओळखीला भीक घालणारे नव्हते. अडचण समोरच्या पक्षकाराची आहे. वाटणीच्या दाव्यात धाकटा भाऊ वादी आहे, थोरला प्रतिवादी, आणि थोरल्याच्या बाजूने तालुक्याचा आमदार उभा राहिला. निकाल कितीही न्यायाने लागला तरी त्या धाकट्या भावाला तो न्याय वाटणार नाही. तो घरी जाऊन म्हणेल, आमदारापुढे आपलं काय चालणार. आणि तोही तुमचा मतदार आहे. त्याने मत दिलं असेल किंवा नसेल, विधानसभेत त्याच्या वतीने बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. वकिलीत आपण एका बाजूचे असतो आणि त्यात काही वावगं नाही, व्यवसायच तसा आहे. आमदारकीत दोन्ही भाऊ तुमचेच. हे ज्याच्या अंगवळणी पडत नाही, त्याने उमेदवारी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

उच्च न्यायालयात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात कामं चालवायची असतील तर चालवा. पण आपल्या तालुक्यातल्या फाइली ज्युनिअरकडे नीट सोपवा. नीट म्हणजे प्रत्येक पक्षकाराला बोलावून समोरासमोर सांगा, दुसरा वकील द्यायचा असेल तर त्याला मोकळीक द्या, वकीलपत्रावर ना हरकत लिहून द्या, मूळ कागद पोच घेऊन परत करा, फीचा हिशेब मिटवा. ज्या दाव्यांत पुरावा अर्ध्यावर आला आहे तिथे विशेष काळजी घ्या, कारण उलटतपास अर्धवट टाकून जाणाऱ्या वकिलाला पक्षकार विसरत नाही. आणि ज्युनिअर तुमच्याच ऑफिसमध्ये, तुमच्याच पाटीखाली बसून कामं चालवणार असेल, तर वर सांगितलेला सगळा खटाटोप वाया गेला असं समजा. पाटी वेगळी करा, जागा वेगळी करा.

अर्ज भरण्याआधीच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. सरकारी वकील किंवा शासनाच्या पॅनलवर असाल तर लाभाच्या पदाचा, म्हणजे सरकारकडून आर्थिक फायदा देणाऱ्या पदाचा, मुद्दा निघू शकतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ मध्ये ती अपात्रता आहे. राजस्थानात कांता कथुरिया या वकील आमदारांची निवड विशेष सरकारी वकील असल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने रद्द केली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती वाचवली, पण मधल्या काळात त्यांच्यासाठी विधिमंडळाला पूर्वलक्षी कायदा करावा लागला. इतकं कुणी ओढवून घ्यावं? अर्ज भरण्यापूर्वी राजीनामा द्या, आणि तो मंजूर झाल्याचा कागद हातात घ्या. प्रतिज्ञापत्राचा, म्हणजे नमुना २६ चा, एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे तसं लिहा. आंदोलनातले जुने गुन्हे आठवून आठवून नोंदवा, आपण वकील असल्यामुळे त्यात हलगर्जी झाली तर दुप्पट लाज. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास ३ वर्षं अपात्र ठरू शकता. हिशेबासाठी स्वतंत्र माणूस नेमा आणि त्याला प्रचाराच्या दुसऱ्या कोणत्याही कामाला लावू नका.

आता रोजचं आयुष्य. आपल्याकडे एका विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून जास्त मतदार येतात. कोर्टात दिवसाचा बोर्ड ठरलेला असतो, पुकारा झाला की काम सुरू आणि पाच-साडेपाचला कोर्ट उठतं. आमदाराचा बोर्ड कधीच संपत नाही. सकाळी सहापासून अंगणात माणसं बसलेली असतात. कुणाला दवाखान्याचं बिल कमी करून हवं असतं, कुणाचा पोरगा पोलीस ठाण्यात बसवलेला असतो, कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, कुणाची बदली, कुणाचा शाळाप्रवेश. मग लग्नं, दहावे, वास्तुशांती, हरिनाम सप्ताह, यात्रा. लग्नात अक्षता टाकायला गेलो नाही तर चालतं, पण मयताला आणि दहाव्याला जावंच. हे मी मतांसाठी म्हणत नाही. दुःखात भेटायला आलेल्या माणसाशी लोक जे बोलतात ते कोणत्याही निवेदनात लिहिलेलं नसतं. गावातल्या पाण्याची, दारूची, सावकारीची खरी स्थिती मला तिथे कळली.

या गर्दीत वकिलाला एक मोठी सोय असते आणि एक मोठा धोका.

सोय अशी की कुठल्या तक्रारीला कायद्याचा कोणता दरवाजा आहे हे आपल्याला माहीत असतं. धर्मादाय रुग्णालयाचं बिल घेऊन माणूस आला तर साधा आमदार रुग्णालयाला फोन करून विनंती करतो. वकील आमदाराला ठाऊक असतं की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अअ खाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. मग विनंती करायची गरज राहत नाही, उत्पन्नाचा दाखला जोडून हक्काचा अर्ज होतो आणि ऐकलं नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार होते. दाखला मिळत नाही म्हणून माणूस आला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अपिलाची सोय आहे. फाइल अडली आहे म्हणाला तर बदल्यांचा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा कायदा काढा. त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये कोणत्याही कर्मचाऱ्याने फाइल कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त आपल्याकडे ठेवू नये असं लिहिलेलं आहे. बदली करून मागायला येणारे शेकड्याने भेटतात, पण या कलमाचं नाव काढणारा क्वचित. मी माझ्या स्वीय सहायकांना शिफारसपत्रांचे ठरावीक नमुने वापरणं बंद करायला लावलं आणि प्रत्येक पत्रात कलम लिहायला शिकवलं. पत्रं कमी गेली, पण उत्तरं येऊ लागली. शिवाय आलेला माणूस पुढच्या वेळी स्वतःच अर्ज करू लागला. आमदाराकडे यावं न लागणारा माणूस तयार होणं हे आमदाराच्या कामाचं मोठं यश आहे, हे माझं मत कार्यकर्त्यांना कधी पटलं नाही, पण मी ते सोडलेलं नाही.

धोका असा की आपल्याला खटला चालवायची सवय असते आणि आता हातात फोन असतो. शेतरस्त्याचं भांडण घ्या. आपल्याकडे या भांडणांना तोटा नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वहिवाट मोकळी करून मागता येते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो. दोन्ही ठिकाणी तहसीलदार हा न्यायनिवाडा करणारा अधिकारी असतो. तो पंचनामा करतो, दोन्ही बाजू ऐकतो, निकाल देतो. लोक आमदाराकडे येतात आणि म्हणतात, तहसीलदारांना एक फोन करा. तुमच्या आवडीच्या आणि विश्वासातल्या माणसाची बाजू शंभर टक्के खरी असली तरी तो फोन करू नका. कोर्टात चालू असलेल्या दाव्याबद्दल न्यायाधीशांना फोन करणं आपल्याला स्वप्नातही सुचणार नाही. तहसीलदारांच्या बाबतीत मात्र तो बंध सुटतो, कारण ते जिल्हा नियोजनाच्या बैठकीत आपल्यासमोर बसलेले असतात. प्रकरण लवकर निकाली काढा, एवढं लेखी कळवणं ठीक. कुणाच्या बाजूने काढा हे तोंडातून जाता कामा नये.

पोलीस ठाण्याचंही तसंच. अमक्याला सोडा असा फोन वकील आमदाराने करू नये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे गरिबाची तक्रार नोंदवून घेतली जात नसेल, तर तिथे जाऊन बसा, अगदी रात्री बसा. आत असलेल्या माणसासाठी जामिनाचा अर्ज असतो आणि त्यासाठी गावात दुसरे वकील आहेत.

आता सभागृह. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण उमेदवारी घेणारे बहुतेक जण याचा विचार सर्वांत शेवटी करतात.

वर्षात तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. नागपूरचं अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराची देणगी आहे. विधानसभेत २८८ सदस्य, विधानपरिषदेत ७८. पहिल्या अधिवेशनात वकिलाला वाटतं, आपल्याला बोलायची सवय आहे, इथे आपण चमकणार. तसं होत नाही. कोर्टात तुम्ही बोलत असता तेव्हा ऐकणं हे समोरच्या माणसाचं कर्तव्य असतं आणि ऐकून त्याला काहीतरी ठरवावं लागतं, तेही कारणं देऊन. सभागृहात तुमचं ऐकून कुणाला काही ठरवावं लागत नाही. तुम्ही अप्रतिम मुद्दा मांडता, मंत्री म्हणतात, माननीय सदस्यांच्या सूचनेचा विचार केला जाईल, आणि कामकाज पुढे सरकतं. युक्तिवादावर पोसलेल्या माणसाला हे फार लागतं. कित्येक हुशार वकील इथे खट्टू होतात आणि मग सभागृहात येणंच कमी करतात.

वकिलाचा खरा उपयोग बोलण्यात नाही, कागद लावून धरण्यात आहे. तालुका कोर्टात आपण आयुष्यभर तेच करतो. रोजनाम्यात काय नोंद झाली ते पाहतो, नक्कल काढतो, पुढच्या तारखेला ती नोंद समोर ठेवतो. विधिमंडळात प्रत्येक वाक्याची नोंद होते आणि मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन ही नुसती नोंद नसते. आश्वासन समिती नावाची समिती तेच पाहण्यासाठी असते. मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की तीन महिन्यांत पुलाची निविदा काढू, तर ते वाक्य पृष्ठांकासह आपल्या वहीत उतरवा, तीन महिन्यांनी विभागाला पत्र द्या, त्यात ते वाक्य जसंच्या तसं उद्धृत करा, उत्तर आलं नाही तर समितीकडे जा. मतदारसंघातली मोठी कामं मी याच रस्त्याने केली. भाषणाने एकही झालेलं मला आठवत नाही.

प्रश्न विचारण्यातही वकिली कामी येते. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. मंत्रालयात याला सगळे एलएक्यू, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणतात आणि तो आला की खालपासून वरपर्यंत टेबलं हलतात. पण प्रश्न लिहायचा कसा? बरेच सदस्य प्रश्नात निबंध लिहितात. अमुक तालुक्यात पाण्याची भीषण टंचाई निर्माण झाली आहे हे खरे आहे काय, असं. उत्तर येतं, हे खरे नाही. संपलं. चांगला उलटतपास जसा साक्षीदाराला हो किंवा नाही याशिवाय वाट ठेवत नाही, तसा प्रश्न हवा. कोणत्या दिनांकाला कोणत्या गावाने टँकरची मागणी केली, प्रस्ताव तहसील कार्यालयात कधी आला, प्रांताधिकाऱ्यांनी मंजुरी कधी दिली, मधल्या दिवसांचं कारण काय. याला हे खरे नाही असं उत्तर देता येत नाही. आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच कागदावर मिळालेलं आहे तोच उपप्रश्न विचारावा, हा उलटतपासाचा जुना नियम सभागृहातही चालतो. लक्षवेधी सूचनेचंही, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेचंही, असंच आहे. तातडीचा, एका विषयापुरता, तारखांनी बांधलेला मजकूर असेल तर ती लागण्याची आणि तिला खरं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

विधेयकांबद्दल मी कळकळीने सांगतो. विधेयकाची प्रत हातात येते आणि कधी कधी एक-दोन दिवसांतच ते चर्चेला येतं. बहुतेक सदस्य उद्देश व कारणे वाचतात, तेही वाचले तर. वकील म्हणून तुम्ही व्याख्येचं कलम वाचा, अपवाद वाचा, शास्ती वाचा आणि शेवटी येणारं नियम करण्याचं कलम तर नक्कीच वाचा. पुष्कळदा विधेयकात फक्त सांगाडा असतो. फी किती, मुदत किती, अपील कुणाकडे, हे सगळं विहित करण्यात येईल अशा रीतीने, या शब्दांत सरकारवर सोपवलेलं असतं. उद्या तुमच्या तालुक्यातला माणूस ज्या गोष्टीपायी हेलपाटे घालणार आहे, ती तिथे लपलेली असते. अपिलाला ३० दिवसांऐवजी ६० दिवस हवेत, कारण खेड्यातल्या माणसाला आदेशाची प्रत हातात पडायलाच महिना लागतो, हे तालुका कोर्टातल्या वकिलाइतकं कुणाला ठाऊक नसतं. खंडवार, म्हणजे एकेका कलमावरच्या, चर्चेच्या वेळी एवढी एक सुधारणा जरी तुम्ही मान्य करवून घेतली, तरी हजारो माणसांचं काम झालं. वर्तमानपत्रात एक ओळही येणार नाही.

तुकडेबंदीचं उदाहरण घ्या. १९४७ च्या त्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकड्याची विक्री बंद झाली. हेतू चांगला होता, शेती परवडेल इतकी तरी सलग राहावी. पण गावं वाढली, शहराला लागून असलेल्या शेतात लोकांनी घरासाठी गुंठा, दोन गुंठे घेतले. नोंदणी होईना, फेरफार होईना, सातबाऱ्यावर नाव लागेना. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर साठेखत, म्हणजे नुसता विक्रीचा करार, पैसे दिलेले, घर बांधलेलं, आणि मालक म्हणून सातबारावर दुसराच. मूळ मालक वारला की त्याची मुलं दावा लावतात. असे पक्षकार तुमच्याकडेही येऊन रडले असतील. कोर्टात आपण त्यांना फार तर मुदत मिळवून देतो, कारण कलमच आडवं येतं. ते कलम बदलण्याची जागा विधिमंडळ आहे. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची वाट निघाली. २५ टक्के गरिबाला झेपेना. पुढे ती रक्कम ५ टक्क्यांपर्यंत खाली आणली गेली. २५ आणि ५ यांच्यातला फरक ज्याच्या टेबलासमोर तो माणूस बसून गेला आहे त्यालाच नीट कळतो. वकिलीतून आमदारकीकडे जाण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हेच आहे. एकेका पक्षकाराच्या बाबतीत पुन्हा पुन्हा हरलेली गोष्ट तुम्ही तिथे सगळ्यांसाठी एकदम मांडू शकता.

आणखी एक भेद वकिलाने सभागृहात सतत धरून ठेवला पाहिजे, तो शासन निर्णय आणि कायदा यांच्यातला. लोक जीआर निघाला की आनंदाने हार घेऊन येतात. जीआर दुसऱ्या जीआरने रद्द होतो. कायद्याने दिलेला हक्क कोर्टात मागता येतो. रोजगार हमीचा इतिहास याच वाटेने गेला आहे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला ही कल्पना प्रत्यक्ष करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तिचा राज्यभर आधार झाला. पण ती तिथेच थांबली असती तर एक चांगली योजना म्हणून विस्मरणात गेली असती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि काम मागणं हा हक्क झाला. देशाचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला.

सभागृहातल्या मर्यादाही वकिलाला लवकर कळतात, कारण त्या ओळखीच्या असतात. न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न विचारता येत नाही. अनुच्छेद २११ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातल्या वागणुकीवर चर्चा करता येत नाही. सभागृहातल्या भाषणासाठी आणि मतासाठी अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे, पण लाच घेऊन दिलेल्या मताला ते नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं. परवानगीशिवाय सलग ६० दिवस बैठकांना गैरहजर राहिलात तर सभागृह जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. आणि पक्षादेश, म्हणजे व्हिप. १९८५ मध्ये दहावी अनुसूची आली तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. बाजू पटली नाही तर वकील वकीलपत्र परत करतो, इथे ती सोय नाही. म्हणून आपला मतभेद विधेयक येण्यापूर्वी पक्षाच्या बैठकीत मांडा, शक्य तितक्या लवकर आणि लेखी. तिथे ऐकलं जातं, पुष्कळदा वाटतं त्यापेक्षा जास्त.

समित्यांमध्ये जागा मिळाली तर नाकारू नका. नव्या आमदारांना सरकारी खर्चाची तपासणी करणारी लोकलेखा समिती किंवा पंचायत राज समिती रटाळ वाटते. महालेखापरीक्षकांचा अहवाल समोर, विभागाचे सचिव साक्षीला, पक्षभेद बराचसा बाहेर ठेवलेला. वकिलाला घरच्यासारखं वाटावं अशी सभागृहाच्या कामातली ही एकच जागा आहे.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. तो तुमच्या हातात येत नाही, तुम्ही कामं सुचवता आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. मतदारसंघाची भूक पाहता तो कमी पडतो. वेतन-भत्त्यांत घर चालतं. पण वर्गणी, देणग्या, गाडीचं डिझेल, कार्यकर्त्यांचा चहा-जेवणाचा खर्च त्यात बसत नाही आणि इथेच ठेकेदार दारात येतो. त्याला दारातून परत पाठवायचं बळ कुठून येतं? माझ्या अनुभवात ते दोन गोष्टींतून येतं: देणगी सगळ्यांनाच नाही म्हणण्याची पहिल्या वर्षापासूनची सवय, आणि पडलो तरी उद्या कोर्टात उभा राहीन ही खात्री. हातात व्यवसाय असलेल्या माणसाला आमदारकी जाण्याची भीती थोडी कमी वाटते. वकिलीने मला राजकारणात दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

महाराष्ट्राने असे वकील पाहिले आहेत. वसंतराव नाईक पुसदला वकिली करत होते, १९४६ मध्ये तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये आमदार झाले तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात असल्यामुळे त्या राज्याच्या विधानसभेत बसले, आणि पुढे १९६३ ते १९७५ इतका दीर्घकाळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. गणपतराव देशमुखांनी सांगोल्यात वकिली केली, १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि एकाच मतदारसंघातून, शेतकरी कामगार पक्षाकडूनच, अकरा वेळा आमदार झाले. मध्ये १९७२ आणि १९९५ मध्ये पराभवही पाहिला. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी सगळे सांगतात. नव्या आमदाराने मात्र त्यांच्या भाषणांची कार्यवृत्तं काढून वाचावीत. दुष्काळी तालुक्याचं पाणी एक माणूस किती वर्षं, किती वेगवेगळ्या आयुधांनी मागत राहू शकतो, हे त्यात दिसतं.

पराभवानंतर परतणं सोपं नसतं. ज्युनिअर आता स्वतःच्या पायावर उभे असतात आणि तसेच असायला हवेत. कायदे बदललेले असतात. १ जुलै २०२४ पासून तर दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा, तिन्ही नवे आले. विरोधी पक्षातले पक्षकार तुमच्याकडे यायला काही काळ बिचकतात. त्यावर उपाय एकच: बाररूमशी असलेलं नातं आमदारकीच्या काळात तोडू नका. कोर्टाची नवी इमारत, वरिष्ठ स्तर न्यायालयाची मागणी, पक्षकारांना बसायला शेड, हे विषय बार असोसिएशन तुमच्याकडे आणेलच. ते उच्च न्यायालय, विधी व न्याय विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभाग अशा तिघांत अडकतात आणि एकाच वेळी तिघांचा पाठपुरावा केल्याशिवाय हलत नाहीत.

घरच्यांशी आताच बोला. अधिवेशनाचे आठवडे मुंबई-नागपुरात जातात, उरलेले मतदारसंघात, आणि घर हे घर राहत नाही, लोकांची ओसरी होते. पत्नी किंवा पती, आईवडील, मुलं यांना ते मान्य असेल तरच पुढे जा.

आणि पक्षाला होकार कळवण्यापूर्वी एवढं करा. येत्या अधिवेशनात ओळखीच्या आमदारांकडून प्रेक्षक गॅलरीचा पास घ्या आणि गाजलेल्या चर्चेच्या दिवशी न जाता एखादं साधं विधेयक संमत होणार असेल त्या दिवशी जाऊन बसा. विधेयकाची प्रत आदल्या रात्री मिळवून वाचा. समोर जे चाललं आहे त्यात मध्येच उठून काही विचारावंसं वाटलं, अमुक खंडात हा शब्द का आणि तो का नाही, असं मनात येत राहिलं, तर उमेदवारी घ्या. तसं काहीच वाटलं नाही तर पक्षाला नम्रपणे नकार द्या. तुमच्या पक्षकारांना तुमची गरज आहेच.